कोपऱ्यावरचा शब्द

प्रिय भिंगरी,

दाराखालून सरकवलेलं पाकीट बघून आधी दचकशील. बाबांनी पत्र लिहिलंय म्हणजे तब्येत तरी बिघडली असणार नाहीतर डोकं तरी, असं तुझ्या मनात येईल. तब्येत ठणठणीत आहे. डोक्याचं काय ते शेवटपर्यंत वाचून तू ठरव. फोन मी केला होता, सोमवारी एकदा आणि काल एकदा. दोन्ही वेळा तुझ्याकडे थंडी किती आहे एवढं विचारलं आणि ठेवून दिला. फोनवर मला हे जमायचं नाही. मी अडखळत चार शब्द बोलणार, तू मध्येच ‘असू द्या हो बाबा’ म्हणणार आणि मी त्या ‘असू द्या’च्या आडोशाला जाऊन बसणार. कागद मध्ये बोलत नाही. चौतीस वर्षं कागदाच्या कारखान्यात काढली, तेव्हा एवढा तरी भरवसा त्याच्यावर ठेवायला हरकत नाही.

रविवारी संध्याकाळी तू घरी पोचल्यावर फोन केलास. बाबा, तुमचा कान होता म्हणून वाचले, असं म्हणालीस. नाहीतर त्या गाडीच्या रंगावर भाळून फसले असते म्हणालीस. मग अगदी सहज बोलल्यासारखं, उपचार केंद्राच्या नव्या नोकरीला शुक्रवारी ‘नाही’ कळवते म्हणालीस, कारण एक तारखेपासून स्वतःची गाडी हवी ही त्यांची अट आहे आणि आता तेवढ्यात दुसरी मिळणं शक्य नाही. तुझा आवाज हसरा होता, पण मला आवाज कळतात. तो हसरा नव्हता. पाच वर्षं तू ते घडीचं टेबल खांद्याला लावून दोन-दोन बस बदलत लोकांच्या घरी जातेस. कुणाचा खुब्याचा सांधा बदललेला, कुणाचा अर्धांगवायूने गेलेला हात, त्यांना हलायला शिकवतेस, आणि बसमधले लोक तुला इस्त्रीची टेबलं विकणारी समजतात. केंद्राचं हे काम तुझ्या मनासारखं होतं. टेकडीपलीकडच्या वस्त्यांमधले म्हातारे, ज्यांच्याकडे कुणीच जात नाही, ते तुझ्या वाट्याला येणार होते. तू मला त्या भागाचा नकाशा काढून दाखवला होतास, जेवणाच्या टेबलावर, पेन्सिलीने. टेबलावरच्या त्या रेघा मी अजून पुसलेल्या नाहीत.

तर आज बुधवार, सकाळचे दहा वाजलेत, आणि मी त्याच रेघांवर कागद ठेवून लिहितोय.

माझ्या कानाची कीर्ती तुला नव्याने सांगायला नको, पण आज सांगू दे, कारण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. कारखान्यात माझं काम होतं रूळ फिरते ठेवायचं. कागद ओढणारे एवढाले लांब रूळ, त्यांच्या दोन्ही टोकांना बेअरिंग, आणि एक बेअरिंग जरी जाम झालं तरी शंभर हात कागद फाटून जमिनीवर. मापं घेणारी यंत्रं फार नंतर आली. आम्ही लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक यंत्रावर टेकवायचो आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला. आत काय चाललंय ते सगळं ऐकू येतं. चांगलं बेअरिंग गुणगुणतं आणि बिघडणारं आवंढा गिळतं, एवढंच शास्त्र. हीच युक्ती मोटारीच्या इंजिनालाही चालते हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि झालं, वसाहतीत जो तो जुनी गाडी घ्यायला निघाला की आधी माझ्या दारात. तुझी आई मला कानसेन म्हणायला लागली ती तेव्हापासून. शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. पगार सगळ्यांना मिळतो. कानसेन एकटाच होतो.

आणि कोपऱ्याचा रिवाज. तो मात्र मी मुद्दाम पाडला. गाडी ऐकून झाली की तिथे चकार शब्द काढायचा नाही. मालकाला नमस्कार करायचा, स्क्रू ड्रायव्हर खिशात घालायचा आणि चालू पडायचं. बरोबरच्या माणसानेही विचारायचं नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावर वळलो, मालकाच्या नजरेआड झालो, की मी एकच शब्द बोलणार. ‘घे’ किंवा ‘सोड’. कारण विचारलं तर सांगेन, पण कुणी फारसं विचारायचं नाही. माणसं तो शब्द ऐकून गाड्या घ्यायची आणि सोडायची. त्या पन्नास पावलांत बरोबरच्या माणसाचा जीव कसा टांगणीला लागायचा ते मला चालता चालता जाणवायचं. खरं सांगतो, त्याचीही मला चटक लागली होती.

या वर्षी तू म्हणालीस, बाबा, मला गाडी घ्यायचीय, लहान, वापरलेली, माझ्या पगारात बसणारी, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी एवढा खूश झालो की दुसऱ्याच दिवशी जाऊन स्क्रू ड्रायव्हरची मूठ तेल लावून पुसली. आई गेल्यापासून तू महिन्या-दोन महिन्यांनी यायचीस, घाईत, डबा भरून ठेवायचीस, औषधांच्या तारखा बघायचीस आणि निघायचीस. आता दर रविवारी यायला लागलीस. सकाळी नवाला चहा, मग जाहिरातींवर पेनाने गोल, मग आपण दोघं बाहेर.

पहिली ती लाल गाडी आठवते? धुऊन-पुसून अशी चकचकीत केली होती की तिच्यात तोंड बघावं. मीटरवर आकडा जेमतेम, आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर पार झिजून आतलं लोखंड दिसत होतं. मी तुला म्हटलं, मीटर खोटं बोलेल, पण पाय जिथे रोज पडतो ती जागा बोलणार नाही. तू ते वहीत लिहून घेतलंस. दुसऱ्या वेळी आपण पोचायच्या आतच मालकाने इंजिन तापवून ठेवलं होतं आणि तू माझ्या आधी बॉनेटवर हात ठेवून माझ्याकडे बघितलंस. थंड इंजिन दाखवायची ज्याला भीती वाटते त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतं, हे मी तुला सांगितलंच नव्हतं. तुझं तुला समजलं. एका गाडीत तू डिकीतली चटई उचलून, स्टेपनीच्या खळग्यात बोटं घालून ओल शोधलीस. एकीचे दरवाजे उघडताना एका बाजूची फट रुंद आणि दुसरीकडची अरुंद आहे हे तू दहा पावलांवरून सांगितलंस, म्हणजे तिला कधीतरी जबर मार बसलेला होता. पाच रविवार, पाच गाड्या, आणि पाचही वेळा कोपऱ्यावर ‘सोड’. पाचही वेळा शब्द खरा होता. दर वेळी तू खोटं खोटं तोंड पाडायचीस आणि मग आपण कुठल्यातरी रसाच्या टपरीवर उभे राहून आधीच्या मालकाची नक्कल करायचो. इतकं हसलो नव्हतो आपण कितीतरी वर्षांत.

आता मागचं सांगतो. तू नऊ वर्षांची होतीस तेव्हाची दंतवैद्यांची गाडी तुला आठवत असणार. फिकट पिवळी, दोन दारांची, मागच्या काचेखाली छोटीशी फळी होती आणि त्या फळीवर तुझ्या कापडी सशाने बसायचं हे तू गाडी बघायच्या आधीच ठरवून टाकलं होतंस. शाळेत सांगूनही आली होतीस. ती गाडी खरं तर तुझ्या आईला हवी होती. मावशीच्या गावाला जायला तीन तास, बस दिवसातून एक. त्या रस्त्यावर एका वळणाला तळं लागतं, काठाला एक झाड आणि झाडाखाली दगडी बाक. दर वेळी बस तिथून भर्रकन निघून जायची आणि आई मान वळवून बघत राहायची. एकदा त्या बाकावर बसायचंय, म्हणायची. बाकी काही नाही. आपल्या मनाला येईल तिथे थांबायचंय. वाचनालयातल्या नोकरीत तिचं अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या वेळेप्रमाणे चाललं होतं, उघडायची वेळ, बंद व्हायची वेळ, पुस्तक परत करायची तारीख. तिने मागितलेली एवढी एकच गोष्ट मला आठवते.

आपण तिघं गेलो. दंतवैद्य सज्जन माणूस, गाडी आपल्या हत्यारांसारखी लखलखीत ठेवलेली. मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला. बराच वेळ ऐकलं. नमस्कार करून निघालो. आई माझ्या डाव्या हाताला, तू पुढे उड्या मारत. कोपरा आला आणि मी म्हणालो, ‘सोड.’ इंजिनात ठोका आहे, वर्षभरात उघडावं लागेल, असंही जोडलं. तू रस्त्यातच भोकाड पसरलंस. आईने तुला कडेवर घेतलं, नऊ वर्षांच्या घोडीला, आणि घरापर्यंत तशीच चालत आली. तू तिच्या खांद्यावर झोपून गेलीस.

भिंगरी, त्या इंजिनात ठोका नव्हता. मी आयुष्यात ऐकलेल्या सगळ्यात चांगल्या इंजिनांपैकी ते एक होतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून जरा मागे जाऊन नीट सांगतो. मला गाडी चालवता येत नाही, हे तुला माहीत आहे. पण मला चालवायची नाही म्हणून येत नाही, असं मी भासवत आलो. ज्याला इंजिन ऐकू येतं त्याला रस्ता सुचत नाही, वगैरे. लोक मानाने मान डोलवायचे. खरी गोष्ट अशी की बावीस वर्षांचा असताना मी कारखान्याचा छोटा ट्रक शिकायला म्हणून घेतला आणि सरळ गोदामाच्या खांबावर नेऊन घातला. मागचं फळकं उघडलं, कागदाची चार रिळं उतारावरून उलगडत गेली आणि पार खालच्या नाक्यापर्यंत पांढराशुभ्र रस्ता झाला. अख्खी पाळी बाहेर येऊन हसली. त्यानंतर चाकामागे बसायचं म्हटलं की माझी पाचावर धारण बसायची. गाडी घरात आली असती तर कधी ना कधी कुणीतरी म्हणालं असतं, कानसेन, जरा काढा बघू बाहेर. म्हणून इतकी वर्षं आपल्या घरी गाडी नव्हती. पैसे नाहीत हे निमित्त होतं.

तुझ्या आईने ते ओळखलं होतं. माझा आब राखून तिने उपायही काढला. दंतवैद्यांकडे जायच्या तीन दिवस आधी मोटार शिकवणीचा मास्तर माझ्याकडे आला, त्याच्या शिकवणीच्या गाडीचा क्लच कुरकुरत होता. मी गाडीत बसून ऐकत होतो आणि तो बिचारा सहज बोलून गेला, की सगळे शिकाऊ क्लचचा जीव घेतात, पण वहिनींचा पाय म्हणजे पीस आहे, पहिल्या फटक्यात परीक्षा पास झाल्या. मी विचारलं, कुठल्या वहिनी? तुमच्याच घरच्या, तो म्हणाला. चार महिने, वाचनालयाच्या जेवणाच्या सुट्टीत, तुझी आई गाडी शिकत होती. परवाना तिच्या पर्समध्ये होता. गाडी दारात आली की चाकामागे बसून मला चकित करायचं, असा तिचा बेत होता.

मी हसायला हवं होतं. घरी जाऊन तिला उचलून गोल फिरवायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यासमोर आलं ते एवढंच, की सगळी वसाहत बघतेय, ती चालवतेय आणि कानसेन शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसलाय. मला माहीत आहे हे तिला कळू दिलं नाही. मास्तरलाही गप्प बसायला सांगितलं. आणि तीन दिवसांनी कोपऱ्यावर तो शब्द बोललो. रागाने नाही, हेही खरं. निवांतपणे, नेहमीच्या आवाजात. माझ्या शब्दावर लोकांचा भरवसा होता आणि मी तो भरवसा घरातल्याच माणसावर वापरला.

एवढ्यावर थांबलं असतं तर आईला कदाचित कधी कळलं नसतं. पण तीन आठवड्यांनी बेकरीवाला आला, एक गाडी ऐकायला चला म्हणाला. गेलो तर दंतवैद्यांचंच दार. मी ऐकलं, नमस्कार केला, कोपऱ्यावर आलो. आणि परक्या माणसाशी खोटं बोलायला जीभ रेटेना. ‘घे’ म्हणालो. घरच्याशी बोलताना रेटली होती. बेकरीवाल्याने आठवड्यात तिला गडद निळा रंग दिला, बाजूला पावाचं चित्र काढलं, म्हणून तुला ती ओळखू आली नाही. आईला आली, दंतवैद्यांकडे तू वाजवून बघितलेल्या हॉर्नवरून. अकरा वर्षं ती गाडी रोज सकाळी आपल्या खिडकीखालून गेली. एकदाही बंद पडली नाही. बेकरीवाला येईल-जाईल त्याला सांगायचा, कानसेनने पास केलेली गाडी आहे. आईसमोरही सांगायचा. ती पाव घ्यायची, सुटे पैसे मुठीत घट्ट धरायची आणि छान आहे हो गाडी, असं म्हणायची. घरी येऊन मला काही विचारायची नाही. मी अकरा वर्षं वाट बघितली की ती आज विचारेल, उद्या विचारेल. तिने विचारलं असतं तर मी रडलो असतो, माफी मागितली असती, सुटलो असतो. तिने मला सुटू दिलं नाही, की तिला माझी कीव आली, ते मला आजही ठरवता येत नाही.

तिच्या शेवटच्या वर्षात आम्ही आठवड्यातून दोनदा टॅक्सीने रुग्णालयात जायचो. तू दूर शिकत होतीस, नंतर नोकरीत होतीस, तुला त्या फेऱ्या फारशा माहीत नाहीत. ती मागे माझ्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटून असायची. एकदा माझी नजर तिच्या पायांकडे गेली. टॅक्सीवाला गिअर बदलायचा त्याच्या किंचित आधी तिचा डावा पाय खालच्या चटईवर हलकेच दाबला जायचा आणि अलगद सुटायचा. प्रत्येक गिअरला. डोळे मिटलेले. इतकी वर्षं झाली होती, आणि पाय विसरला नव्हता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तेव्हा तरी बोलायचं होतं. चाळीस मिनिटांचा रस्ता होता आणि वर्षभरात तो कितीतरी वेळा केला, पण तेही जमलं नाही.

ती गेल्यावर तिच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली, मला तो परवाना सापडला. फोटोत ती परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखी हसतेय. त्याची मुदत वीस वर्षांची होती. तिच्यामागे तो चार वर्षं चालू राहिला आणि या वर्षी संपला. या पाकिटात तो तुझ्यासाठी ठेवला आहे. तुझ्या आईला गाडी चालवता यायची, भिंगरी. हे तुला गाडी शिकायच्या पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. तेव्हा तू घाबरून मला फोन केला होतास, आपल्या घरात कुणाला येत नाही, मला कसं येईल म्हणालीस. आणि मी फक्त हूं म्हणालो होतो.

आता गेल्या रविवारचं. चष्म्याच्या दुकानवाल्या बाईंची ती राखी-निळी गाडी. नऊ वर्षांची, एकाच हातातली, घर ते दुकान आणि दुकान ते घर. आता गुडघे दुखतात म्हणून विकतायत. आयुष्यभर काचा पुसलेल्या बाई त्या, गाडीची समोरची काच होती की नव्हती असा प्रश्न पडावा इतकी स्वच्छ. तू थंड इंजिन बघितलंस, पायपट्ट्या बघितल्यास, चटई उचललीस, सगळं माझ्याकडून शिकलेलं, आणि माझ्यापेक्षा नीट. मग तू चालवलीस आणि मी मागच्या सीटवर बसून ऐकत होतो. तिसऱ्या गिअरला तुझा डावा पाय खाली गेला आणि अलगद सुटला. पीस. तेवढ्यात तू आरशातून माझ्याकडे बघून म्हणालीस, बाबा, ही मिळाली तर तुमची रविवारची दगदग एकदाची संपली! किती लाडाने म्हणालीस. बाई दारात उभ्या होत्या, आपण नमस्कार केला, चालू पडलो. पन्नास पावलं. तू माझ्या डाव्या हाताला होतीस. मी म्हणालो, ‘सोड.’ गिअरबॉक्सचं बेअरिंग वाजतंय म्हणालो. तू मान हलवलीस आणि माझा हात धरलास, मलाच वाईट वाटू नये म्हणून.

ते बेअरिंग वाजत नव्हतं. त्या गाडीत काहीही वाजत नव्हतं. मला सातवा रविवार हवा होता, एवढंच. आईच्या वेळी निदान माझ्यापाशी तरुणपणाचा ताठा होता. या वेळी तेवढंही नव्हतं, फक्त रिकामं घर होतं आणि चहाचा दुसरा कप होता. त्यासाठी मी तुझं काम, टेकडीपलीकडचे ते म्हातारे, तुझी पाच वर्षांची पायपीट, सगळं त्या एका शब्दात घालवायला निघालो. आणि वर तू फोन करून आभार मानलेस. काल मी चष्मेवाल्या बाईंना फोन करून सांगितलं की माझ्या ऐकण्यात चूक झाली, मुलगी गाडी घेईल. शनिवारी दुपारी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे, तोवर त्या कुणाला देणार नाहीत. केंद्राला शुक्रवारी ‘नाही’ कळवू नकोस. मी आजच दुपारच्या बसने येऊन हे पाकीट तुझ्या दाराखालून सरकवीन आणि तू यायच्या आत परत फिरेन, कारण तुझ्यासमोर उभं राहायची आज हिंमत नाही. माझ्यावर रागाव, वाटेल तितके रविवार येऊ नकोस, ते मी सोसेन. तू विचारशील, आता या शब्दावर तरी विश्वास का ठेवायचा? ठेवू नकोस. थंड इंजिन तू बघितलंस, रबर तू बघितलंस, चालवलीस तू. तुला सगळं येतं, माझ्या कानाची गरज तुला तिसऱ्या गाडीलाच संपली होती, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं. मला कुठे ने असं मी म्हणणार नाही. पण मावशीकडे निघालीस की त्या तळ्याच्या वळणावर गाडी थांबव आणि आईच्या बाकावर थोडा वेळ बस. कोपरा मागे पडून तीन दिवस झाले, तरी माझा शब्द बदलतो. घे.

तुझाच, आणि तुझ्या आईचा अपराधी,
बाबा